डिंको आता काय करतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ वयाच्या ४६ व्या वर्षी परत रिंगमध्ये उतरला आणि लास वेगासला मारिओ बॅरिओसबरोबरची त्याची लढत बरोबरीत सुटली, तेव्हा तुमच्या खेळाच्या पानावर फोटोसकट मोठी बातमी होती. घरच्यांनी ती माझ्यासाठी कापून ठेवली होती. बातमी चांगली होती, कोणाला किती राऊंड गेले वगैरे सगळं नीट दिलं होतं, त्याबद्दल आधी आभार मानतो. पण ती वाचल्यापासून आपल्या बॉक्सर डिंको सिंगबद्दलची एक जुनी गोष्ट डोक्यात घोळतेय आणि लिहू लिहू म्हणत राहूनच गेली, आता सुट्टीवर घरी आहे तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट सुरू व्हायच्या आत लिहून टाकतो. पत्र मोठं झालंय, जागेअभावी कापलंत तरी चालेल, फक्त शेवटची विनंती कापू नका.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात फिलिपिनो माणसाशिवाय जहाज हलत नाही म्हटलं तरी चालेल, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) फिलिपिनो, फिटर फिलिपिनो, ऑइलर फिलिपिनो, कुक तर बहुतेक वेळा फिलिपिनोच. आठ आठ महिने एका छताखाली राहिल्यावर माणसं आतून कळतात, कोणाची बायको बाळंत होणार आहे, कोणाच्या घराचा स्लॅब पडायचा राहिलाय, सगळं माहिती असतं. आणि या सगळ्यांच्या केबिनमध्ये दोन फोटो हमखास, एक घरच्यांचा आणि एक पॅकियाओचा. मी नवीन असताना मला वाटायचं आपल्याकडे सचिनचं असतं तसं असेल, पण हळूहळू कळत गेलं की ते जरा वेगळं आहे.

३ मे २०१५, रविवार. तारीख लक्षात राहायचं कारण म्हणजे पॅकियाओ आणि मेवेदरची लढत त्या दिवशी होती, अमेरिकेत २ मेची रात्र आणि आमच्याकडे रविवारची दुपार. मी तेव्हा थर्ड इंजिनिअर होतो, जहाज सिंगापूरच्या अँकरेजला बंकरची, म्हणजे इंधनाची वाट बघत उभं होतं आणि बार्ज संध्याकाळशिवाय येणार नव्हती. किनारा जवळ असल्यामुळे फोनला रेंज होती, पण व्हिडिओ चालेल एवढी नव्हती. मग बोसनने काय केलं, तो स्वतः फिलिपिन्सच्या मिंदानाव बेटाचा, पॅकियाओच्या जनरल सँटोस शहरातच त्याचं घर, त्याने बायकोला फोन लावला. ती तिथल्या एका जिममध्ये मोठ्या पडद्यासमोर हजारो लोकांत उभी होती आणि तिने आपला फोन नुसता वर धरून ठेवला. इकडे मेस रूममध्ये बोसनने त्याचा फोन स्पीकरवर टाकून स्टीलच्या एका रिकाम्या बाऊलमध्ये उभा ठेवला, म्हणजे आवाज मोठा येतो. चौदा माणसं त्या बाऊलभोवती बसलेली. बोसनच्या अंगात बॉयलर सूटच्या आत पॅकियाओचा लाल टीशर्ट, इतका विरलेला की चेहरा ओळखू येत नव्हता, तो फक्त लढतीच्या दिवशी बाहेर निघायचा.

कॉमेंट्री काही नीट कळत नव्हती. कळत होता तो फक्त तिथल्या लोकांचा आवाज. आवाज एकदम चढला की पॅकियाओचा लेफ्ट लागला, हळूहळू बसत गेला की मेवेदर निसटतोय, आणि ही माणसं त्या नुसत्या आवाजावरून राऊंड कोणाला गेला ते सांगत होती, कुक एका कागदावर पेन्सिलीने मांडत होता. चौथ्या राऊंडला तो आवाज असा काही फुटला की बाऊल थरथरलेला मी बघितलाय. मध्ये एकदा लाईन तुटली तेव्हा बोसनचा हात इतका कापत होता की फोन परत फिटरने लावला. शेवटी निकाल आला, तिन्ही जजेसनी मेवेदरला दिलं, एकाने ११८-११०, बाकी दोघांनी ११६-११२. मेस रूम चिडीचूप.

आणि मग त्या बाऊलमधून टाळ्यांचा आवाज यायला लागला. मला आधी कळेना की हरल्यावर टाळ्या कसल्या. जनरल सँटोसला त्या जिममधले लोक पडद्यावर दिसणाऱ्या हरलेल्या माणसासाठी उभं राहून टाळ्या वाजवत होते, बोसनच्या बायकोने नंतर सांगितलं की कितीतरी जण रडत होते आणि रडत रडत वाजवत होते. कुक उठला, आत गेला आणि केक घेऊन आला, जिंकल्यावर कापायचा म्हणून पहाटे उठून केलेला, आणि त्याने तो कापला. मलाही तुकडा दिला. मी विचारलं, अरे हरला ना तो? तर म्हणाला, लढला ना सर.

त्या लढतीत त्याचा खांदा दुखावलेला होता हे नंतर बाहेर आलं, ऑपरेशनही झालं. त्याच महिन्यात तो मनिलाला परतला तेव्हा त्याची गाड्यांची मिरवणूक निघाली आणि लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूला उभे होते. हरलेल्या बॉक्सरची मिरवणूक. मी हे आपल्याकडे कधी बघितलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. त्याच संध्याकाळी बंकरिंगच्या वेळी डेकवर उभे असताना बोसनने मला सहज विचारलं, थर्ड, तुमचा बॉक्सर कोण? शंभर कोटींच्या वर माणसं तुमची, एक तरी असेलच. मी जरा छाती काढूनच सांगितलं, डिंको सिंग. शाळेत असताना त्याचं नाव पाठ झालेलं, बँकॉक एशियाड, १९९८, ५४ किलो, गोल्ड. बोसन दोन मिनिटं गप्प राहिला आणि म्हणाला, १९९८ डिसेंबर? थायलंड? मॅनीने पहिलं वर्ल्ड टायटल तिथेच मारलं, त्याच महिन्यात! त्याला तारीखसुद्धा माहिती होती, ४ डिसेंबर १९९८, थायलंडच्या चातचाय सासाकुलला आठव्या राऊंडमध्ये नॉकआऊट. तो आता इतका खूश झाला की जणू आमची दोघांची सोयरीकच जुळली होती. आणि मग त्याने विचारलं, डिंको आता काय करतो?

मला माहिती नव्हतं.

मी काहीतरी बोलून गेलो, नेव्हीत असेल, कोच असेल. असेल, असेल. त्याला पॅकियाओने त्या आठवड्यात चर्चमध्ये कोणत्या रंगाचा शर्ट घातला होता ते माहिती आणि मला माझ्या चॅम्पियनचा ठावठिकाणा माहिती नाही. मी त्या रात्री वॉच संपल्यावर नेट मिळालं तसं शोधत बसलो आणि जे जे सापडलं ते वाचून झोप उडाली.

पॅकियाओचा जन्म १७ डिसेंबर १९७८ चा आणि डिंकोचा १ जानेवारी १९७९ चा. पंधरा दिवसांचं अंतर. पॅकियाओ पोरवयात घर सोडून मनिलाला गेला, रस्त्यावर झोपला, पाव विकले, वजन भरावं म्हणून खिशात वजनं ठेवून काट्यावर उभा राहिला. डिंको मणिपूरमधल्या इंफाळजवळच्या सेकता गावचा, गरिबी एवढी की लहानपण अनाथाश्रमात गेलं, तिथून साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) स्पेशल एरिया गेम्स योजनेतल्या लोकांच्या नजरेत आला आणि दहाव्या वर्षी अंबाल्याला सबज्युनिअर नॅशनल जिंकला. दहाव्या वर्षी! दोघंही लहान वजनाचे, दोघंही अंगावर धावून जाणारे, आणि एकाच महिन्यात एकाच देशात दोघांनी थायलंडच्या माणसाला त्याच्याच प्रेक्षकांसमोर हरवलं, कारण डिंकोने सेमीफायनलला मारला तो सोंताया वोंगप्रातेस थायलंडचाच होता आणि तेव्हा जगातल्या वरच्या नंबरांतला होता. फायनलला उझबेकिस्तानचा तिमूर तुल्याकोव्ह, तो चौथ्या राऊंडनंतर पुढे लढायलाच आला नाही. १९८२ ला कौर सिंग जिंकल्यानंतर सोळा वर्षांनी भारताला एशियाडमध्ये बॉक्सिंगचं गोल्ड मिळालं ते असं. आणि याला आधी टीममधून वगळलं होतं हे किती जणांना आठवतंय? नाव नाही म्हटल्यावर तो पिऊन पिऊन कोसळला होता असं त्या वेळी छापून आलं होतं, मग शेवटी घेतला आणि घेतल्यावर हे करून दाखवलं.

पुढचं मात्र एका सरळ रेषेत नाही गेलं. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकला तो गेला आणि पहिल्याच लढतीत हरला. बस, आपल्यासाठी डिंको तिथे संपला. पॅकियाओसुद्धा हरलाय हो, १९९९ मध्ये थायलंडमध्येच तो नॉकआऊट होऊन आणि वजन जास्त भरल्यामुळे टायटल घालवून घरी आला होता, त्याच्या लोकांनी त्याला सोडलं नाही म्हणून दोन वर्षांनी २००१ ला तो अवघ्या दोन आठवड्यांच्या नोटिशीवर अमेरिकेत जाऊन वर्ल्ड चॅम्पियन लेडवाबाला हरवू शकला आणि तिथून पुढे आठ वेगवेगळ्या वजनगटांत चॅम्पियन झालेला जगातला एकमेव माणूस झाला. मी असं म्हणत नाहीये की आपण टाळ्या वाजवल्या असत्या तर डिंकोने आठ टायटलं घेतली असती. तो अमॅच्युअर, हा प्रोफेशनल, तिकडे टीव्हीचे डॉलर, इकडे सरकारी नोकरी, हा फरक मला कळतो. मी फक्त लोकांचं बोलतोय, तुमचं माझं.

सरकारने काही केलं नाही असंही मी म्हणणार नाही. अर्जुन मिळालं १९९८ ला, पद्मश्री मिळालं २०१३ ला, नेव्हीत नोकरी होती, नंतर इंफाळला साईचा कोच झाला, म्हणजे २०१५ ला बोसनने विचारलं तेव्हा तो पोरांना शिकवत होता हे त्या प्रश्नाचं उत्तर होतं. आणि मणिपूरमध्ये तर तो देवच होता. मेरी कोमने कितीदा सांगितलंय की डिंकोचं १९९८ चं गोल्ड बघून ती बॉक्सिंगकडे वळली, सरिता देवीनेही तेच सांगितलंय. एका माणसाच्या एका पदकातून मणिपूरची अख्खी पिढी ग्लोव्हज घालून उभी राहिली. तिथल्या लोकांना डिंको आता काय करतो असा प्रश्न कधी पडला नसेल, पडला तो आम्हा बाकीच्या देशाला, आणि आम्हाला तर पडलासुद्धा नाही, एका फिलिपिनो माणसाने तो विचारला.

मग कॅन्सर झाला. उपचारांसाठी त्याला इंफाळमधलं घर विकावं लागलं. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन असताना बॉक्सिंग फेडरेशनने खटपट करून त्याला एअर अँब्युलन्सने दिल्लीला आणलं, आणि परत जाताना तो माणूस कॅन्सर अंगात घेऊन दिल्ली ते इंफाळ २,४०० किलोमीटर रस्त्याने अँब्युलन्समधून गेला. पोचल्यावर कोरोना निघाला, त्यातूनही उठला. बॉक्सर मंडळींनी आपसात पैसे काढून त्याच्यासाठी पाठवले होते, ज्यांचं स्वतःचं धड चालत नाही अशा पोरांनी. १० जून २०२१ ला तो गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

मी त्या दिवशी जहाजावर होतो, कोरोनामुळे रिलीफ मिळत नव्हता, कॉन्ट्रॅक्ट संपूनही अडकलो होतो. मला डिंको गेल्याचं कोणी कळवलं माहिती आहे? बोसनने. सहा वर्षं आमचा फारसा कॉन्टॅक्ट नव्हता, वाढदिवसाला एक मेसेज तेवढाच, पण त्याने कुठेतरी बातमी बघितली आणि फेसबुकवर मला लिहिलं की तुमचा बॉक्सर गेल्याचं वाचलं, तुमच्या देशाला आमच्याकडून श्रद्धांजली. खाली हात जोडलेले. माझ्या शाळेच्या ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर, बिल्डिंगच्या ग्रुपवर त्या दिवशी शंभर फॉरवर्ड आले असतील, एकात डिंको नव्हता. दुसऱ्या दिवशी पेपरांमध्ये मात्र सगळीकडे फोटो होता, तोच बँकॉकचा. मी रागावून लिहीत नाहीये, पण तेव्हा वाईट वाटलं ते अजून गेलेलं नाही.

कौर सिंगचंही तसंच. पंजाबमधल्या संगरूर जिल्ह्यातल्या खनाल खुर्दचा हा माणूस, फौजी, १९८० च्या जानेवारीत दिल्लीला खुद्द मोहम्मद अलीबरोबर एक्झिबिशन लढत खेळलेला, १९८२ च्या दिल्ली एशियाडला हेवीवेटचं गोल्ड, अर्जुन, पद्मश्री. आणि म्हातारपणी हार्टच्या इलाजासाठी डोक्यावर कर्ज. ते छापून आलं तेव्हा मदत मिळाली, म्हणजे माणसं वाईट नाहीत, माणसांना माहितीच नसतं. एप्रिल २०२३ मध्ये तेही गेले. हवा सिंग, १९६६ आणि १९७० असे लागोपाठ दोन एशियाडचे हेवीवेट चॅम्पियन, भिवानीत ज्यांच्यामुळे बॉक्सिंग रुजलं, ते द्रोणाचार्य पुरस्कार हातात पडायच्या पंधरा दिवस आधी, १४ ऑगस्ट २००० ला वारले. १४ ऑगस्ट ही तारीख वाचताना मी थबकलो, कारण आपले खाशाबा जाधव गेले तो दिवसही १४ ऑगस्टच, १९८४ सालचा.

आता कोणी म्हणेल की आपल्याकडे क्रिकेट सोडून कशाचं कौतुकच नाही, आपली जातच तशी. हे मला अजिबात पटत नाही. खाशाबा १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले तेव्हा कराड ते गोळेश्वर शंभराच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपापल्या गाड्या जुंपून आणल्या होत्या. त्यांच्या जाण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. हे कौतुक नाही तर काय आहे? आणि आजही खासबागेत कुस्ती झाल्यावर पैलवान मैदानात फेरी मारतो तेव्हा फाटक्या सदऱ्यातला म्हाताराही त्याच्या हातावर नोट ठेवतो आणि पाठीवर थाप मारतो. माझे आजोबा रात्रीच्या कुस्त्या बघून आले की सकाळी चहा पिताना कोणी ढाक लावली, कोण एकलंगी भरताना फसला, कोणाचा घिस्सा जमला नाही, सगळं हातवारे करून सांगायचे, आणि हरलेल्याचंही तेवढ्याच आवडीने सांगायचे की पोरगं दमदार आहे, पुढच्या वर्षी बघा. त्यांना निकालापेक्षा कुस्ती आवडायची. बोसन आणि कुकला मी बघितलं तेव्हा मला आजोबाच आठवले होते, तीच नजर.

म्हणजे आपल्याला येतं हे. बॉक्सिंगच्या बाबतीत होत नाही कारण आपण बॉक्सिंग बघतच नाही, आपण फक्त मेडल बघतो. डिंकोची फायनल किती जणांनी बघितलीय? मी स्वतः त्याचं नाव सतरा वर्षं मिरवत होतो आणि एक राऊंड बघितलेला नव्हता. लढत बघितलेली नसली की हरलेल्याबद्दल काही वाटायचं कारणच उरत नाही, मग तो नुसता हरलेला दिसतो.

आणि इथे मला तुम्हाला थोडं बोलायचंय, राग मानू नका. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला निखत झरीन, दोन वेळची वर्ल्ड चॅम्पियन, दुसऱ्याच लढतीत चीनच्या वू यूसमोर हरली. ती वू यू पुढे जाऊन गोल्ड घेऊन गेली. म्हणजे आपली मुलगी पुढे जी चॅम्पियन झाली तिच्याकडून हरली होती, आणि सीडिंग (मानांकन) नसल्यामुळे ती गाठ एवढ्या लवकर पडली होती. लव्हलिना क्वार्टरफायनलला ली चियानकडून हरली, तिनेही गोल्ड घेतलं. मी घरी होतो तेव्हा, पेपर, चॅनल, मोबाईल सगळं बघत होतो, सगळीकडे एकच, रिकाम्या हाताने परतले, आव्हान संपुष्टात, पाटी कोरी. निखत रिंगच्या बाहेर रडत रडत माफी मागत होती. तिने कोणाची माफी मागायची? तिची लढत कशी झाली, कुठल्या राऊंडला ती मागे पडली, वू यू लांबून खेळून तिला जवळ का येऊ देत नव्हती, हे चार ओळींत कोणी लिहिलं असतं तर लोकांना तिच्यासाठी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या असत्या. हेच पेपर कुस्तीचं लिहितात तेव्हा डावासकट लिहितात, म्हणजे लिहिता येत नाही असं नाही.

एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, फिलिपिनो लोक पॅकियाओच्या मागे आंधळे होऊन धावतात असा कोणाचा समज होईल तर तो चूक आहे. २००७ ला तो जनरल सँटोसच्या मतदारसंघातून त्यांच्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या इलेक्शनला उभा राहिला तर त्याच्याच लोकांनी त्याला पाडला. बोसनने सांगितलं, मी पण नाही दिलं मत, मला तो रिंगमध्ये हवा होता. नंतर तो शेजारच्या सारंगानीतून निवडून आला, सिनेटर झाला, २०२२ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि तिसरा आला. २०१६ ला तो समलिंगी लोकांबद्दल जे बोलला ते घाणेरडं होतं, आमच्या जहाजावरच्या कुकचा सख्खा भाऊ तसा आहे, कुकने केबिनमधला फोटो काढून ठेवला होता असं मला नंतर बोसनकडून कळलं. पॅकियाओने माफी मागितली, नायकीने तरी करार तोडलाच. पण लढतीच्या दिवशी तो कुकही स्पीकरजवळ असायचा. ते त्याला घरातल्या माणसासारखं धरतात, भांडतात, मत देत नाहीत, फोटो काढून ठेवतात, आणि ठोसा त्याला लागला की यांच्या तोंडातून आवाज निघतो. त्याला ते पंबान्सांग कमाओ म्हणतात, म्हणजे देशाची मूठ.

आता विनंती. दिल्लीला इंदिरा गांधी स्टेडियममध्ये बॉक्सिंगच्या मोठ्या स्पर्धा होतात त्या हॉलला नाव आपल्या खाशाबांचं आहे, के. डी. जाधव हॉल. मेरी कोमने २०१८ ला सहावं वर्ल्ड टायटल तिथेच घेतलं, ती रडली ती तिथेच, आणि २०२३ ला निखत, लव्हलिना, नीतू आणि स्वीटी अशा चौघींनी एकाच स्पर्धेत तिथेच गोल्ड घेतलं. कराडच्या माणसाच्या नावाच्या हॉलमध्ये. मराठी पेपरने यापुढे त्या हॉलमधली मोठी स्पर्धा असेल तेव्हा आपला एक माणूस तिथे पाठवावा, एजन्सीची चार ओळींची बातमी नको, राऊंडसकट, ठोशांसकट लिहिणारा माणूस, आणि आपली पोरगी हरली तर तिच्या लढतीलाही तेवढीच जागा. आपल्याकडेही पोरं पोरी खेळताहेत, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये तर देशभरातले बॉक्सर तयार होतात, गोपाळ देवांग, मनोज पिंगळे असे अर्जुन मिळालेले बॉक्सर महाराष्ट्राने दिलेत. ते काय करतात, कोणाला शिकवतात, हे त्यांच्या हयातीत छापा. माझा पुतण्या सबज्युनिअर खेळतो, त्याला यातलं एकही नाव माहिती नव्हतं, मी सांगितली तेव्हा त्याने लगेच मोबाईलवर शोधलं आणि मराठीत वाचायला फारसं काही मिळालं नाही.

आणि दुसरी विनंती छोटी आहे. येत्या १ जानेवारीला, त्याच्या वाढदिवसाला, डिंकोचा एक फोटो छापा. मेडल गळ्यात घातलेला बँकॉकचा नको, तो सगळ्यांकडे आहे. इंफाळला मुलांना शिकवतानाचा मिळाला तर तो छापा, आणि त्याच्या हाताखालची पोरं आता कुठे खेळताहेत ते खाली लिहा. तेव्हा मी बहुतेक परत जहाजावर असेन, घरून कोणीतरी त्या पानाचा फोटो काढून मला पाठवील आणि मी तो बोसनला पाठवीन. तो आता रिटायर होऊन जनरल सँटोसलाच असतो, मासळीचा धंदा करतो. दहा वर्षांपूर्वी डेकवर त्याने जे विचारलं होतं त्याचं उत्तर माझ्याकडून अजून गेलेलं नाही.

आपला,
एक जुना वाचक
(मर्चंट नेव्ही, इंजिन डिपार्टमेंट)